आधी धार बघ

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं देवबागची चिंचोळी पट्टी संपते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, पलीकडे भोगवे. सुकतीला खाडीचं पाणी ओढीनं बाहेर निघतं, बाहेरून आलेली लाट त्यावर फुटते आणि वाळूचे दांडे मोसमागणिक जागा बदलतात. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला निघालेल्या होड्या याच तोंडातून बाहेर पडतात. गेल्या मोसमात एका फायबरच्या होडीचं इंजिन नेमकं इथंच ओरडू लागलं. बझर अखंड वाजत होता, लाटांच्या आवाजातही कानात घुसत होता. त्याच क्षणी इंजिनाचा जोर आपोआप उतरला. मागून लाट, पुढे दांडा, होडीत माणसं. मालकानं इंजिनाचं झाकण उघडलं, एक वायर ओढून काढली. बझर थांबला, जोर परत आला आणि होडी खाडीत शिरली.

किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचं निदान ठरलं होतं: सेन्सर गेला.

मालवण, देवबाग, तारकर्लीच्या पट्ट्यात आउटबोर्ड इंजिनांविषयी चौकशी करताना हे निदान मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं, की आता त्याची धास्ती वाटते. होडीच्या मागच्या फळीला अडकवलेलं हे इंजिन गावातल्या कित्येक घरांची चूल चालवतं. ते ओरडतं तेव्हा बहुतेक वेळा खरंच सांगत असतं. तरी पहिला संशय जातो तो सांगणाऱ्यावर.

ही होडी दुरुस्त होताना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. मेस्त्री साठीच्या आसपासचे, हाताची नखं कायमची काळी. त्यांनी हत्यारांच्या पेटीला हातही न लावता आधी प्रश्न विचारले.

"सेन्सरच गेलो मेस्त्री," मालक म्हणाला. "धार तर बरी येता."

"बरी म्हणजे कशी? मोसमाच्या सुरवातीक होती तशी?"

"तशी नाय... थोडी बारीक असा."

"आणि वायर?"

"ती काढलेलीच असा."

"कधीपासून?"

मालक गप्प राहिला. तोंडातून आत येण्यासाठी काढलेली वायर दिवसभर तशीच राहिली होती आणि होडीनं उरलेल्या फेऱ्या मारल्या होत्या. मेस्त्री रागावले नाहीत. "आधी पाणी बघूया. मगे गरमी. सेन्सर सगळ्यात शेवटाक," एवढंच म्हणाले. त्या क्रमातच त्यांची सगळी विद्या आहे. तो क्रम असाच का, हे कळायला इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं.

मोटारगाडीत रेडिएटर असतो, तेच पाणी फिरून फिरून येतं. आउटबोर्डला रेडिएटर नाही. तो समुद्रच पितो. पंख्याच्या वर, गियरच्या डब्याच्या बाजूला जाळीच्या खाचा असतात. त्यातून पाणी आत येतं. तिथंच वर एक छोटा पंप बसवलेला असतो आणि त्याचं काळीज म्हणजे इम्पेलर, रबराचं पात्या-पात्यांचं चाक. उभ्या दांड्यावर ते इंजिनाच्या गतीनं फिरतं. ज्या कपात ते फिरतं तो मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे एका बाजूला पाती दुमडतात, दुसऱ्या बाजूला उलगडतात आणि उलगडताना ओढलेलं पाणी दुमडताना वर ढकलतात. वेग वाढला की पाती पाण्याच्या दाबानं मागे वाकतात आणि चाक नुसत्या गरगरण्यानं पाणी फेकतं. वर गेलेलं पाणी सिलिंडरांभोवती फिरून एक्झॉस्टबरोबर खाली निघून जातं. त्यातलाच एक फाटा इंजिनाच्या बाजूच्या बारीक भोकातून पिचकारीसारखा बाहेर पडतो. नावाडी जिच्याकडे मान वळवून वळवून बघतात ती धार हीच.

रबराच्या त्या चाकाला वंगण असतं ते पाण्याचंच. किनाऱ्यावर कोरड्यात "जरा चालू होता काय बघू" म्हणून इंजिन सुरू केलं, की काही सेकंदांत पाती घासून तापतात आणि कडा वितळतात. उथळ पाण्यात वाळू ढवळत होडी काढली, की ती वाळू पंपातून जाते आणि कपाच्या आतल्या चकचकीत पत्र्यावर चरे पाडते. देवबागच्या तोंडाशी, त्सुनामी आयलंडच्या आसपास, हे दिवसातून अनेकदा घडतं. म्हणून तर बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका इम्पेलर दरवर्षी किंवा ठरावीक तासांनी तपासायला, बदलायला सांगतात. रोज आठ-आठ तास वाळूतून चालणाऱ्या होडीला त्या पुस्तिकेतला हौशी नावाड्याचा हिशेब लागू पडत नाही, तिला अधिक वेळा बघावं लागतं.

पाणी वर गेल्यावर त्याला थर्मोस्टॅट भेटतो. थंड इंजिनात तो मिटलेला असतो, तापलं की उघडतो. गाडीतला थर्मोस्टॅट ८०-९० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो, आउटबोर्डमधला बहुधा ५० ते ६० च्या दरम्यानच. समुद्राचं पाणी फार तापलं की त्यातले क्षार सुटून धातूवर थर धरतात, म्हणून हे इंजिन मुद्दाम थंड ठेवतात. तापमान मर्यादेपलीकडे गेलं की सिलिंडर हेडवरचा स्विच जोडला जातो, बझर वाजतो आणि बऱ्याच इंजिनांत गती आपोआप मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास उतरते. इंजिन स्वतःला वाचवतं.

इथं नावाड्यांची बाजू मांडायलाच हवी. मोकळ्या समुद्रात जोर उतरला तर काही बिघडत नाही, हळूहळू घरी येता येतं. फुटणाऱ्या लाटेत जोर उतरणं म्हणजे होडी आडवी होणं, आणि आडव्या होडीवर दुसरी लाट येणं. यंत्र इंजिनाचा विचार करतं, नावाडी माणसांचा. त्या दिवशी त्यानं वायर ओढली त्याला मी दोष देणार नाही. मेस्त्रींनीही दिला नाही. खाडीत शिरल्यावर ती परत जोडली नाही, खरं बिघडलं ते तिथं. बझर नाही, धोक्याची सूचना नाही आणि गती पूर्ण. अशा इंजिनाचे पिस्टन अडकले तर पुढच्या वेळी त्याच लाटेत जोर उतरणार नाही, संपूर्णच जाईल.

असा बंद केलेला अलार्म किती महाग पडू शकतो याचं उदाहरण मेक्सिकोच्या आखातात आहे. २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तरंगत्या तळावर स्फोट झाला, ११ माणसं गेली. तळावरचे मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ माइक विल्यम्स यांनी त्या जुलैतल्या चौकशीत सांगितलं, की सगळ्यांना सावध करणारा मुख्य अलार्म आपोआप वाजणार नाही असा करून ठेवलेला होता. खोट्या अलार्मनी रात्री-अपरात्री माणसांची झोपमोड होऊ नये, हे कारण. सेन्सर चालू होते, सूचना पोचत होती, फक्त भोंगा गप्प होता. देवबागची होडी आणि तो तळ यांत आकाराशिवाय फार फरक मला दिसत नाही. त्रास देणारा आवाज आधी थांबवायचा आणि कारण सवडीनं शोधायचं, ही माणसाची जुनी खोड आहे.

मेस्त्रींनी इंजिन वर उचलून आधी पाण्याच्या खाचा पाहिल्या. बझर वाजला की नावाड्यानंही हेच करायचं असतं: जागा सुरक्षित असेल तर नांगर टाकून इंजिन बंद करायचं, वर उचलायचं आणि खाचांवर प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा तुकडा किंवा शेवाळ चिकटलंय का ते बघायचं. खाडीत वाहून आलेली एक पातळ पिशवी पाणी पूर्ण तोडू शकते, आणि इंजिन बंद केल्यावर ती आपोआप गळूनही पडते. मग कारण सापडत नाही आणि दोष सेन्सरच्या माथी बसतो. या होडीच्या खाचा मोकळ्या होत्या. मग त्यांनी नायलॉनची जाड तंगूस घेऊन धारेच्या भोकात खुपसली. तिथं वाळू किंवा मीठ अडकलं, तर आत पाणी भरपूर असूनही धार बारीक दिसते. पावसाळ्यात इंजिन घरात ठेवलेलं असताना या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते, म्हणून मोसमातली पहिली तपासणी इथूनच होते. भोक मोकळं निघालं.

आता लोअर उतरवायचा. गियरचा दांडा सोडवला, बोल्ट काढले, तर खालचा भाग खाली यायला तयार नाही. खाऱ्या पाण्यानं बोल्ट आणि डब्याची कड एकजीव झाली होती. लाकडी ठोकळा लावून हलके हलके ठोकत, तेल सोडत, तो सुटला. पंपाचं झाकण उघडल्यावर मेस्त्रींनी इम्पेलर बोटांनी काढून माझ्या हातावर ठेवला. सहा पाती. चार सगळी एकाच दिशेला झोपलेली, पुन्हा ताठ होण्याची ताकद गेलेली. दोन अर्ध्यातून तुटलेली. रबर नखानं दाबलं तर नख उमटत नव्हतं, इतकं कडक झालं होतं. कपाच्या पत्र्यावर वर्तुळाकार चरे.

माझ्या मते निदान पूर्ण झालं होतं, मालकाच्या मतेही. मेस्त्रींनी मात्र वर्तमानपत्र पसरलं आणि पंपात, खालच्या डब्यात, पाण्याच्या नळीच्या तोंडाशी सापडलेले रबराचे तुकडे त्यावर मांडून तुटलेल्या पात्यांना जुळवायला घेतले. एक पातं पूर्ण झालं. दुसऱ्याचा करंगळीच्या नखाएवढा कोपरा मिळेना. "ह्यो वर गेलो," ते म्हणाले.

नवा इम्पेलर, नवा पत्र्याचा कप, नवी पाचर. साबणाचं पाणी लावून, दांडा फिरण्याच्या दिशेला फिरवत फिरवत त्यांनी झाकण बसवलं, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडली जातात. वरून येणारी पाण्याची नळी रबरी बुचात नीट बसली याची खात्री बोटानं केली; ती चुकली तर अर्धं पाणी वाटेतच सांडतं. पिंपात इंजिन सुरू केलं. धार जाड, जोरदार आली. मालक खूश. त्यानं पैशांची गोष्टही काढली.

मेस्त्रींनी काढलेली वायर तात्पुरती जोडली आणि ते होडीत बसले. खाडीत, सपाट पाण्यावर, पाच मिनिटं पूर्ण गती. बझर पुन्हा वाजला. धार तशीच जाड.

हे मला फार मोलाचं वाटलं, कारण किनाऱ्यावर सगळे धारेलाच देव मानतात. धार येते म्हणजे पंप पाणी उचलतोय, एवढंच सिद्ध होतं. कित्येक इंजिनांत धारेचा फाटा थर्मोस्टॅटच्या आधीच फुटतो. सिलिंडर हेडमधली वाट तुंबली तरी धार झकास येत राहते. अलार्म कोणत्या गतीला वाजतो हेही बोलतं. हळू चालवताना वाजतो आणि गती वाढवली की थांबतो, तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकलाय किंवा दाबाच्या झडपेत वाळू बसलीय असा संशय धरायचा. हळू चालवताना शांत आणि पूर्ण गतीला वाजतो, तर गरज वाढल्यावर पाणी पुरत नाही: पंप थकलेला, खाचा अर्धवट बंद किंवा वाट अरुंद. इंजिन फळीवर फार उंच बसवलेलं असेल आणि लाटेत खाचा हवा ओढत असतील, तरीही असंच होतं. आणि सकाळी थंडगार इंजिनाला नुसती चावी फिरवल्यावर अलार्म थांबतच नाही, तेव्हा मात्र सेन्सर, वायर किंवा गंजलेला जोड यांच्यावर बोट ठेवायला हरकत नाही. अर्थात बऱ्याच इंजिनांत चावी फिरवली की बझर क्षणभर स्वतःची तपासणी म्हणून वाजतो. तो वाजलाच नाही तर चिंता करायची.

थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी, काळा रबराचा तुकडा आडवा बसला होता. मेस्त्रींनी तो चिमट्यानं काढून वर्तमानपत्रावरच्या पात्याला लावला. जुळला.

त्यानंतरही त्यांनी घाई केली नाही. मालकाच्या घरातून टोप आणला, चुलीवर पाणी ठेवलं, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्यानं लोंबता सोडला, शेजारी थर्मामीटर. ५० अंश ओलांडल्यावर मधली झडप सावकाश वर उचलली गेली. मग तोच, बदनाम झालेला तापमानाचा स्विच. त्याच्या वायरींना मल्टिमीटर लावला, नुसतं टोक पाण्यात धरलं. पाणी उकळीकडे सरकलं तेव्हा मीटर वाजला, थंड व्हायला लागल्यावर गप्प झाला. सेन्सर ठणठणीत होता. मालक मान खाली घालून बघत होता. त्यानं स्वतःच ती गुलाबी वायर उचलली, टोक घासून साफ केलं आणि जोडून टाकली.

एक तपासणी राहिली होती, तिची धाकधूक मलाही होती. हेडच्या कडेचा रंग करपलेला दिसत होता. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. आकडे एकमेकांच्या जवळ आले. पिस्टन वाचले होते. इम्पेलरचा खर्च हजारांत असतो. इंजिनाचं डोकं बसवायचं तर तो लाखांत जातो आणि होडी मोसमभर किनाऱ्यावर राहते.

अलार्मची भाषा इंजिनागणिक वेगळी असते आणि आपल्या इंजिनाची भाषा नावाड्याला पाठ हवी. अमेरिकेत ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिरानं १९०९ च्या सुमाराला मिलवॉकीत आउटबोर्डचा धंदा उभा केला, तेव्हा या इंजिनांना असली वाचा नव्हती. यामाहाचं पहिलं आउटबोर्ड १९६० चं. पुढची कित्येक दशकं टू-स्ट्रोकचं राज्य राहिलं. पेट्रोलमध्ये तेल मिसळा आणि चालवा. केरळातल्या पारंपरिक होड्यांवर १९८० च्या दशकात आउटबोर्ड मोठ्या प्रमाणात चढले ते याच जातीचे, पुष्कळसे केरोसीनवर चालणारे. आपल्याकडेही लहान मच्छीमारांच्या होड्यांवर साधी टू-स्ट्रोक इंजिनं आहेत. त्यांतल्या कित्येकांना बझर नाहीच, तिथं कान, नाक आणि धार हाच अलार्म. धुराच्या नियमांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चार-स्ट्रोक इंजिनं पुढे आली आणि त्यांच्याबरोबर पोटात तेलाची टाकी आली. म्हणून आता बझरचे दोन अर्थ झाले: पाणी नाही किंवा तेलाचा दाब नाही. आवाज बऱ्याचदा तोच, दिवा वेगळा. तेलाचा दिवा लागला तर "हळूहळू जाऊ" हा पर्यायच नाही. दाब गेलेलं इंजिन काही क्षणांत स्वतःचे बेअरिंग खातं. बंद करायचं, इंजिन उभं करून तेल खाली उतरू द्यायचं, मग काडी बघायची. तेल पुरेसं असूनही दिवा लागतो, तर वल्हं काढायचं किंवा दुसऱ्या होडीला हाक मारायची.

मालकाशी शेवटचं बोलणं झालं ते गोड्या पाण्याविषयी. समुद्रातून आल्यावर इंजिनातून दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी फिरवलं तर मीठ बसत नाही आणि इंजिनाचं आयुष्य वाढतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. पण देवबागसारख्या दोन्हीकडून खाऱ्या पाण्यानं वेढलेल्या पट्टीवर एप्रिल-मेमध्ये गोडं पाणी जपून वापरावं लागतं, आणि पर्यटकांची गर्दी तेव्हाच असते. होड्या दिवसभर पळतात, संध्याकाळी न धुता उभ्या राहतात. यावर मेस्त्रींचा तोडगा पिंपाचा. प्लास्टिकचं मोठं पिंप वरून कापायचं, पाण्याच्या खाचा नीट बुडतील एवढं गोडं पाणी भरायचं, गियर न्यूट्रलला ठेवून त्यात इंजिन हळू चालवायचं. शेजारच्या तीन-चार होड्यांनी मिळून एक पिंप ठेवलं, तर पाणी प्रत्येकाच्या वाट्याला थोडं येतं. मात्र तेच पाणी फिरून फिरून खारट आणि गरम होतं, म्हणून ते चाखून बदलायचं.

"कोणी चाखूचा?" मालकानं विचारलं.

"जेचा इंजिन तेना," मेस्त्री म्हणाले आणि पिंप कुठं स्वस्त मिळेल ते सांगू लागले.